मासे तरंगले: विष की प्राणवायूची टंचाई?

नागपूरचा फुटाळा असो की गांधीसागर, तलावावर मासे तरंगलेले दिसले की तासाभरात निकाल लागतो: कुणीतरी विष टाकलं. विषाने मासे मरतात हे सांगायला नको. रोगानेही मरतात, पण रोज थोडे थोडे आणि बहुधा एकाच जातीचे. एका रात्रीत शेकडो मेले, तर मी आधी प्राणवायू बघतो.

खरा घोळ पाण्याच्या नमुन्यात आहे. नमुना घेतात दुपारी. प्राणवायू भरपूर निघतो, आणि मग 'विषच' असं ठरतं. हे साफ चूक आहे. हिरव्या पाण्यातलं शेवाळ उन्हात प्राणवायू सोडतं, रात्री मात्र स्वतःच तो वापरतं. म्हणून सूर्योदयाच्या जरा आधी साठा सगळ्यांत कमी असतो. लिटरमागे 5 मिलिग्रॅम असला तर ठीक. 2 च्या खाली बहुतेक मासे गुदमरतात. तेच पाणी दुपारी 10 दाखवू शकतं! त्यात 30 अंशांचं पाणी हवेतून साडेसातच्या आसपासच धरतं. आभाळ दोन-तीन दिवस भरलेलं राहिलं किंवा पहिल्या जोरदार पावसात नाल्याची घाण आत आली, की तेवढाही उरत नाही.

तेव्हा पहाटे तलावावर असणाऱ्या ढीवर म्हणजे मासेमार मंडळींना विचारा. मासे वर येऊन तोंड उघडत होते का? मोठे कतला आधी मेले का? मरळ, मागूर जिवंत आहेत का? हे दोघे वरची हवा घेतात, म्हणून टंचाईत तगतात. विषात तेही वाचतीलच असं नाही. लहानमोठे एकदम जातात, वेळही कोणतीही असते, आणि कीटकनाशक असेल तर पाण्यावर धावणाऱ्या निवळ्याही मरतात.

काश्मीर-हिमाचलच्या ट्राउटच्या ओढ्यांचे नियम इथे लावू नका. ते थंड पाणी दगडांवर आपटत सतत हवा घेतं; तिथे अचानक मासे मेले तर विष किंवा तापलेलं पाणी हा संशय आधी रास्त आहे.

विष नाही म्हणजे कुणाचा दोष नाही, असं मुळीच नाही. विष टाकणारा शोधत बसलो की सांडपाण्याचा नाला तसाच वाहत राहतो, याचा मला खरा संताप येतो.

नमुना पहाटेच घ्या, बाटलीत बुडबुडा राहू देऊ नका, प्राणवायू तिथेच मोजा. विषाची शंका असेल तर कुजलेला मासा निरुपयोगी; तडफडणारा मासा बर्फात ठेवा. आणि तपासणीआधी ब्लीचिंग पावडर टाकू नका, क्लोरीनने उरलेले मासेही मरतात.