ज्युलिया मॉर्गन यांचे कागद आणि आपल्याकडच्या पेट्या

कोकणातल्या जुन्या घरांबद्दल हल्ली बरंच बोललं जातं. चिऱ्याच्या भिंती, मंगळुरी कौलं, ओटी, पडवी, माजघर यांचे फोटो निघतात आणि वास्तुकलेचे विद्यार्थी सुट्टीत येऊन मोजमापं घेऊन जातात. चांगलंच आहे ते. पण स्वातंत्र्याच्या आगेमागे याच किनाऱ्यावर वास्तुकला शिकून ज्यांनी इमारती उभ्या केल्या, त्यांचे नकाशे, पत्रं आणि हिशेबाच्या वह्या यांच्याकडे तितकं लक्ष जात नाही. त्यातही स्त्रियांचे कागद आधी जातात. हे कागद जपायचे असतात ही जाण जगात फार जुनी नाही, आणि ती रुजण्यात कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यावरच्या ज्युलिया मॉर्गन या वास्तुविशारद बाईंच्या कागदांचा मोठा वाटा आहे. त्यांची हकिकत आपल्याकडे माहीत असायला हवी.

आधी आपल्या किनाऱ्याची बाजू पाहू. मुंबईच्या सर जे. जे. मधून १९३६ साली पेरिन जमशेदजी मिस्त्री यांनी वास्तुकलेची पदविका घेतली. त्या भारतातल्या पहिल्या शिक्षित स्त्री-वास्तुविशारद मानल्या जातात. पुढे जवळजवळ अर्धशतक त्यांनी काम केलं. कारमायकेल रोडवरचा सर बेहरामजी करंजिया यांचा बंगला, बोरिवलीची खटाव मिल, कंबाला हिलवरचं सेंट स्टीफन्स चर्च ही त्यांची कामं. पण फर्मचं नाव होतं ‘डिचबर्न, मिस्त्री अँड भेडवार’, आणि त्यातले मिस्त्री म्हणजे त्यांचे वडील.

कुठलाही जुना नकाशा उलगडा. उजव्या हाताला खाली एक चौकट असते. त्यात फर्मचं नाव ठसठशीत अक्षरात, त्याखाली मालकाचं नाव, प्रमाण आणि तारीख. अगदी तळाशी, बोटभर जागेत, नकाशा कोणी काढला आणि कोणी तपासला त्यांची आद्याक्षरं. एखाद्या बाईनं महिनाभर बसून जिन्याचा तपशील सोडवला असेल, तर त्या कामाची खूण त्या दोन अक्षरांत असते. कागद गेला की इमारत तेवढी उरते, आणि लोकांच्या तोंडी फर्मचं किंवा मालकाचं नाव राहतं.

ज्युलिया मॉर्गन यांचं नाव असंच जवळजवळ पुसलं गेलं होतं. त्यांचा जन्म १८७२ चा, सॅन फ्रान्सिस्कोचा. बर्कलीच्या विद्यापीठात तेव्हा वास्तुकला शिकवली जात नव्हती, म्हणून त्यांनी स्थापत्य अभियांत्रिकी घेतली आणि १८९४ साली पदवी मिळवली. बर्नार्ड मेबेक या त्यांच्या शिक्षकांनी पॅरिसच्या एकोल दे बोझार या कलाशाळेत जाण्याचा आग्रह धरला. तिथे बायकांना प्रवेशच नव्हता. मॉर्गनबाई १८९६ मध्ये पॅरिसला पोचल्या आणि दार उघडायची वाट पाहत काम करत राहिल्या. पुढच्या वर्षी प्रवेशपरीक्षा स्त्रियांना खुली झाली. पहिल्या प्रयत्नांत यश आलं नाही, पण १८९८ साली त्या उत्तीर्ण झाल्या, तेराव्या क्रमांकानं. त्या शाळेत विद्यार्थ्याला तिशीपर्यंतच स्पर्धांना बसता येई. मॉर्गनबाईंनी १९०२ मध्ये ती मुदत संपता संपता प्रमाणपत्र मिळवलं. वास्तुकलेत ते मिळवणारी ही पहिलीच स्त्री.

परत आल्यावर त्यांनी जॉन गॅलन हॉवर्ड यांच्याकडे नोकरी धरली. उत्तम ड्राफ्ट्समन मिळालाय आणि बाई असल्यामुळे पगार जवळपास द्यावाच लागत नाही, असं हॉवर्ड सांगत, ही गोष्ट पुढे बरीच फिरली. १९०४ साली कॅलिफोर्नियाचा परवाना मिळवणाऱ्या पहिल्या स्त्री-वास्तुविशारद होऊन बाईंनी स्वतःचं ऑफिस काढलं.

त्याच वर्षी ओकलंडच्या मिल्स कॉलेजात त्यांनी ७२ फूट उंचीचा घंटेचा मनोरा बांधला, लोखंडी सळ्या घातलेल्या काँक्रीटचा. तेव्हा हे तंत्र नवं होतं आणि लोकांचा त्यावर विश्वास नव्हता. १८ एप्रिल १९०६ च्या भूकंपात सॅन फ्रान्सिस्को उद्ध्वस्त झालं, मनोरा मात्र जागचा हलला नाही. कामं चालून येऊ लागली. नॉब हिलवरचं फेअरमाँट हॉटेल आगीत होरपळलं होतं, ते पुन्हा उभं करण्याचं काम त्यांच्याकडे आलं आणि वर्षभरात हॉटेल सुरू झालं. तिथे एक पत्रकार बाई त्यांना भेटल्या आणि रंगसजावट करताना किती आनंद झाला असेल, असं म्हणाल्या. सजावट न्यूयॉर्कच्या मंडळींची आहे, माझं काम इमारतीच्या सांगाड्याचं, असं मॉर्गनबाईंनी त्यांना सांगितलं. बाई म्हटल्यावर पडदे आणि रंग हेच डोळ्यांपुढे येणं आपल्याकडेही अजून गेलेलं नाही.

जन्मभरात त्यांनी सातशेहून अधिक इमारती केल्या. घरं, शाळा, चर्च, महिला मंडळांच्या वास्तू. पॅसिफिक ग्रोव्हला समुद्राकाठच्या वाळूत त्यांनी उभारलेलं असिलोमार मला विशेष आवडतं. तिथलाच दगड, तिथलंच लाकूड, खारं वारं धरून केलेली बांधणी. चिऱ्याच्या आणि सागवानाच्या घरात वाढलेल्या माणसाला त्या इमारती परक्या वाटत नाहीत.

त्यांचं सर्वांत गाजलेलं काम म्हणजे वृत्तपत्रसम्राट विल्यम रँडॉल्फ हर्स्ट यांचा सॅन सिमियनच्या टेकडीवरचा प्रासाद. १९१९ साली हर्स्ट त्यांच्या ऑफिसात आले ते डोंगरावर एखादं लहानसं घर हवं म्हणून. काम चाललं १९४७ पर्यंत. हर्स्ट सारखे बेत बदलत. एक मोठा पोहण्याचा तलाव तर तीनदा बांधला गेला. मॉर्गनबाई आठवडाभर सॅन फ्रान्सिस्कोच्या ऑफिसात बसत, आठवडा सरला की रात्रीची गाडी पकडून टेकडीवर जात आणि सोमवारी पुन्हा ऑफिसात हजर असत. असं वर्षानुवर्षं चाललं.

एवढं काम करणारी व्यक्ती विस्मरणात कशी जाते? थोडं त्यांच्या स्वभावामुळे. त्या मुलाखती टाळत, लेख लिहीत नसत, स्पर्धांत उतरत नसत. इमारतच काय ते बोलेल, अशी त्यांची श्रद्धा. १९५१ मध्ये ऑफिस बंद करताना त्यांनी बरेचसे कागद नष्टही करून टाकले. १९५७ साली त्या वारल्या तेव्हा काचेच्या सपाट भिंतींचा जमाना होता आणि त्यांच्या पद्धतीचं काम जुनाट ठरलं होतं. मला त्यांच्याबद्दल अपार आदर आहे, पण इमारत बोलते हे त्यांचं म्हणणं त्यांच्याच बाबतीत खरं ठरलं नाही. प्रासाद सरकारकडे गेला, तो पाहायला माणसांची रीघ लागली आणि नाव राहिलं हर्स्ट यांचं.

सत्तरच्या दशकात सेरा होम्स बूटेल या निवृत्त शिक्षिका तिथे गेल्या. हे बांधलं कोणी, या प्रश्नाला त्यांना धड उत्तर मिळेना. मग त्या शोधाला लागल्या. जुने सहकारी, गिऱ्हाइकांची कुटुंबं, घरोघरच्या पेट्या. सुदैवानं मॉर्गनबाईंच्या भाच्याच्या घरी बराच ठेवा शिल्लक होता. त्या कुटुंबानं १९८० मध्ये तो सॅन लुइस ओबिस्पोच्या कॅल पॉली विद्यापीठाला दिला. नकाशे, कच्ची रेखाटनं, फोटो, जमाखर्च आणि हर्स्ट यांच्याशी झालेला पत्रांचा व तारांचा मोठा साठा. बूटेलबाईंचं पुस्तक १९८८ साली आलं. अमेरिकेतल्या वास्तुविशारदांच्या संस्थेनं २०१४ मध्ये मॉर्गनबाईंना मरणोत्तर सुवर्णपदक दिलं. १९०७ पासून चालत आलेला हा मान तोवर एकाही स्त्रीला मिळाला नव्हता.

या कागदांनी नेमकं काय दिलं, ते एका उदाहरणानं सांगतो. एवढ्या धनवान गिऱ्हाइकाचं काम म्हणजे बाईंनी अमाप पैसा केला असणार, असा समज होता. वह्या उघडल्यावर निघालं ते असं: वीसेक वर्षांत बांधकामावर सुमारे ४७ लाख १७ हजार डॉलर खर्च झाले, आणि त्यात बाईंना नफा सुटला ७०,७५५ डॉलर. शंभराला दीड. हा आकडा प्रासादाच्या कुठल्याही भिंतीवरून कळला नसता. पत्रांमधून तर रोजचं काम डोळ्यांपुढे येतं: कुठली फरशी, कुठलं छत, कोणते मजूर, पैसे कधी येणार. आखणीपासून उधारीपर्यंत सगळा कारभार एका बाईंच्या हातात होता हे त्यातून सिद्ध झालं.

१९८५ मध्ये मिल्का ब्लिझनाकोव्ह या बल्गेरियात जन्मलेल्या प्राध्यापिकेनं व्हर्जिनिया टेकमध्ये स्त्री-वास्तुविशारदांचं आंतरराष्ट्रीय अभिलेखागार सुरू केलं. पहिल्या पिढीतल्या बायका एकेक करून जात होत्या आणि त्यांचे कागद विखरून नाहीसे होत होते. जगभरातून असा ठेवा तिथे जमवला जातो.

आता पुन्हा आपल्याकडे. अलिबागजवळच्या किहीमला साठच्या दशकातलं पटेल हाउस वास्तुविशारद प्रवीणा मेहता यांचं. जे. जे. त शिकत असताना त्या स्वातंत्र्यलढ्यात ओढल्या गेल्या, तुरुंगात गेल्या, पुढे शिकागोला शिकून १९५६ मध्ये परतल्या. मुंबईची वाढ उत्तरेकडे रेटण्याऐवजी खाडीपलीकडे नवं शहर वसवावं, ही कल्पना वास्तुविशारद चार्ल्स कोरिया आणि अभियंते शिरीष पटेल यांच्याबरोबर त्यांनी मांडली. १९६५ मध्ये ‘मार्ग’ नियतकालिकात ती छापून आली आणि हे शहर, म्हणजे नवी मुंबई, वसवण्यासाठी मार्च १९७० मध्ये सिडको स्थापन झाली. ठाणे, पनवेल, उरण तालुक्यांतल्या ९५ गावांचं आयुष्य त्या आराखड्यानं बदललं. तिघांनी मिळून मांडलेली ही गोष्ट, पण आज वाशी-बेलापूरला कुणालाही विचारा, नाव निघालं तर कोरियांचं निघेल. कोरियांचा ठेवा लंडनच्या रिबा या ब्रिटिश वास्तुविशारदांच्या संस्थेत जतन झाला आहे, पणजीत त्यांच्या नावाचं प्रतिष्ठान आहे. कागद नीट लागलेले असले की अभ्यासक तिथेच जातात, आणि जे नाव तिथे सापडतं तेच पुस्तकात शिरतं. यात कोरियांचा दोष नाही.

कोकणात तर हवाच कागदाच्या मुळावर उठलेली. चार महिने भिंती पाझरतात, कसर लागते, वाळवी पेटीच्या तळातून चढते. जून २०२० च्या निसर्ग वादळात रायगडमध्ये घरांची छपरं उडाली आणि माळ्यावरचं सगळं भिजलं. जुलै २०२१ च्या पुरात चिपळूणच्या लोकमान्य टिळक स्मारक वाचन मंदिरात पाणी शिरलं. १८६४ पासूनचं हे ग्रंथालय २००५ मध्येही बुडालं होतं. दोन्ही वेळा पुस्तकांचा चिखल झाला आणि दोन्ही वेळा चिपळूणकरांनी ते पुन्हा उभं केलं. अशा जिद्दीच्या मुलखात नकाशे जपणं अशक्य नाही, पण ते वरच्या मजल्यावर जपायला हवेत आणि त्यांची डिजिटल प्रत दुसऱ्या गावी असायला हवी.

ज्यांच्या घरी आई, आत्या, मावशी वास्तुविशारद होत्या, त्यांनी आधी नकाशाच्या चौकटीतल्या आद्याक्षरांची पूर्ण नावं मऊ शिसपेन्सिलीनं मागच्या बाजूला लिहून ठेवावीत. ती ओळखणारं माणूस आहे तोवरच हे होईल. हिशेबाच्या वह्या, गवंड्याला लिहिलेल्या चिठ्ठ्या रद्दीत घालू नयेत. चिकटपट्टी लावू नये, लॅमिनेशन तर मुळीच नको. ट्रेसिंग गुंडाळून ठेवण्यापेक्षा सपाट ठेवावं. निळे ब्लूप्रिंट (निळ्या कागदावर पांढऱ्या रेषा) आणि अमोनिया प्रिंट (फिक्या कागदावर गडद रेषा) एकत्र ठेवू नयेत, कारण अमोनिया प्रिंटमधून निघणाऱ्या वाफांनी निळा रंग उडतो. पेट्या उघडून वाळवायचं काम दिवाळीनंतर, हवा कोरडी झाली की काढावं.