सॉस आटवताना टोमॅटोत काय घडतं

एक किलो पिकलेले टोमॅटो घेतले, तर त्यातलं ९४० ते ९५० ग्रॅम निव्वळ पाणी असतं. उरलेल्या पन्नास-साठ ग्रॅममध्ये साखर, आम्लं, रंग, तंतू, क्षार असं सगळं आलं. घरी पिझ्झा सॉस करायचा, म्हणजे मुळात या पाण्याचं काय करायचं ते ठरवायचं. किती घालवायचं, कसं घालवायचं आणि ते जाताना त्याच्यासोबत काय जाऊ द्यायचं नाही, हे एकदा कळलं की ओरेगॅनो किती आणि लसूण किती हे प्रश्न सोपे आहेत. घरच्या पिझ्झ्याचा बेस मधोमध गिचगिचीत होतो आणि पहिल्या घासालाच चीज घसरून ताटात येतं. त्याचा दोष आपण बेसला किंवा चीजला देतो, पण बहुतेक वेळा कारण सॉसमधलं पाणी असतं.

इटलीतल्या नेपल्स शहरात पारंपरिक पिझ्झ्याचा सॉस शिजवतच नाहीत. सोललेले टोमॅटो कुस्करायचे, मीठ घालायचं, झालं. तिथल्या पिझ्झा करणाऱ्यांच्या कलेला २०१७ साली युनेस्कोने मानवजातीच्या अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत घेतलं, त्यामुळे ही कृती आता सगळीकडे आदर्श म्हणून सांगितली जाते. पण त्यांची लाकडाची भट्टी ४३० अंश सेल्सिअसच्या वर तापलेली असते आणि पिझ्झा ६० ते ९० सेकंदांत बाहेर येतो. सॉसमधलं जास्तीचं पाणी उडवायचं काम ती भट्टीच करते. आपल्या घरच्या ओव्हनचा काटा २५० च्या आसपास थांबतो. परभणी, लातूर, बीडकडच्या बऱ्याच घरांत तर पिझ्झा जाड तव्यावर झाकण ठेवून किंवा कढईत मीठ पसरून त्यावर होतो. झाकणाखाली वाफ कोंडते. सॉसचा थर ओला आहे तोवर त्याचं तापमान १०० अंशांच्या वर जात नाही आणि पिठाला खरपूस रंग यायला १४० च्या पुढची उष्णता लागते. म्हणून तव्यावरच्या पिझ्झ्यासाठी सॉस आधीच आटवलेला हवा. नेपल्सची कृती चुकीची नाही, ती त्यांच्या भट्टीसाठी आहे.

आता टोमॅटो कोणते घ्यायचे? मराठवाड्यात याचं उत्तर ऋतूवर ठरतं. टोमॅटोचा लाल रंग लायकोपिन नावाच्या रंगद्रव्याचा. फळ पिकताना तापमान २० ते २५ अंशांच्या आसपास असेल तर लायकोपिन भरपूर तयार होतं. पारा ३० च्या वर चढला की ते तयार होणं मंदावतं, पण पिवळसर-नारिंगी कॅरोटीन मात्र बनत राहतं. एप्रिल-मे महिन्यात आपल्याकडे ४२ अंशांत पिकलेले टोमॅटो केशरी, फिकट दिसतात ते यामुळे. त्यांचा सॉस कितीही आटवला तरी लालभडक होत नाही आणि मग लोक रंगासाठी काश्मिरी तिखट घालतात. सॉस करायचा तो डिसेंबर ते फेब्रुवारीत. थंडीत बाजारात माल येतो, रंग चांगला असतो, भावही उतरलेला असतो. भाव पार कोसळला की कॅरेटच्या कॅरेट टोमॅटो रस्त्याकडेला ओतलेले आपण पाहिलेत आणि २०२३ च्या जुलैत तेच टोमॅटो शंभराच्या वर गेलेलेही पाहिलेत. घरच्या चार बाटल्या सॉसने शेतकऱ्याचा हा प्रश्न सुटत नाही, पण थंडीत दोन-तीन किलो जास्त घेऊन आटवून ठेवणं दोन्ही बाजूंनी शहाणपणाचं आहे.

गावरान टोमॅटो आंबट, रसाळ आणि बियांचा. संकरित टोमॅटो लांबट, जाड सालीचा आणि जास्त गराचा. सॉससाठी मी संकरित जास्त आणि गावरान थोडे असे मिसळून घेते. संकरितातून घट्टपणा मिळतो आणि गावरानातून चव. आणखी एक, बिया काढून टाकायची घाई करू नका. बियांभोवतीच्या बुळबुळीत रसात ग्लुटामेट हे द्रव्य गरापेक्षा जास्त असतं. जपानी रसायनशास्त्रज्ञ किकुनाए इकेदा यांनी १९०८ साली समुद्री शेवाळाच्या रस्स्यातून जी चव शोधली आणि तिला उमामी म्हटलं, ती याच ग्लुटामेटची. पिझ्झा खाताना जीभ जी भरल्यासारखी वाटते त्यात चीजइतकाच या रसाचा वाटा आहे. बिया दाताखाली येतात म्हणून नको असतील तर गाळणीवर घासून फक्त बिया काढा, रस पातेल्यात जाऊ द्या.

यापुढचा टप्पा सगळ्यात महत्त्वाचा आहे आणि नेमका तिथेच बहुतेक कृतींमध्ये गडबड असते. कच्चे टोमॅटो मिक्सरमधून काढायचे आणि मग ती प्युरी मंद आचेवर चढवायची, ही आपली नेहमीची पद्धत. आमटी किंवा भाजीसाठी ती चालते. पिझ्झा सॉससाठी ती वाईट आहे.

टोमॅटोच्या पेशींच्या भिंती एकमेकींना पेक्टिन नावाच्या लांबलचक रेणूंनी चिकटलेल्या असतात. जॅम घट्ट होतो तो पेक्टिनमुळेच. हे रेणू लांब असतील तर ते पाणी आपल्यात अडकवून ठेवतात आणि सॉस दाट, एकसंध राहतो. पण टोमॅटोतच पेक्टिन तोडणारी विकरं, म्हणजे एन्झाइम, असतात. पिकताना फळ मऊ पडतं ते त्यांच्यामुळे. फळ अखंड आहे तोवर त्यांचं काम सावकाश चालतं. मिक्सरचं पातं फिरलं की लाखो पेशी एकदम फुटतात, विकरं आणि पेक्टिन एकमेकांत मिसळतात आणि पुढच्या काही मिनिटांत त्या लांब साखळ्यांचे तुकडे पडतात. त्यातलं एक विकर ६० ते ६५ अंशांच्या कोमट उष्णतेत तर आणखी जोमाने काम करतं. म्हणजे मंद आचेवर सावकाश तापणारी प्युरी ही त्याला मिळालेली मेजवानीच. पुढे कितीही आटवा, असा सॉस ताटात घेतला की कडेने पाण्याचं कडं सुटतं. तेच पाणी नंतर बेसमध्ये मुरतं.

यावरचा उपाय कारखान्यांमध्ये फार जुना आहे. टोमॅटो कुटता कुटताच ते ९० अंशांच्या वर नेतात, म्हणजे विकरं तत्क्षणी निकामी होतात आणि पेक्टिन शाबूत राहतं. ज्यांना पातळ, ताज्या चवीचा रस हवा असतो ते मुद्दाम कमी तापमानावर, ६५ अंशांच्या आसपास कुटतात. घरी पहिली पद्धत जमते. टोमॅटोच्या बुडाला फुलीसारखी चीर द्यायची, मिनिटभर उकळत्या पाण्यात टाकायचे, लगेच गार पाण्यात घालून साल काढायची. यात फक्त साल सुटते, आतला गर तापलेला नसतो, म्हणून इथे थांबायचं नाही. रुंद कढईत तेल चांगलं तापवायचं आणि एकेक टोमॅटो चिरून थेट त्या तेलात टाकत जायचं. सगळे एकदम ओतले तर कढई गार पडते. थोडे टाकले, खळखळ उकळी आली, मग पुढचे. मोठी आच इथे हवी. सगळं उकळलं की पावभाजीच्या मॅशरने दाबून घ्यायचं. मिक्सर लावायचाच असेल तर उकळी येऊन गेल्यावर लावा. त्यातही सॉसमध्ये हवेचे बारीक बुडबुडे शिरून रंग गुलाबीसर होतो, म्हणून मला मॅशरच बरा वाटतो.

मग आटवणं. एक किलो टोमॅटोचा ४०० ग्रॅम सॉस करायचा तर ६०० ग्रॅम पाणी वाफ होऊन जायला हवं. पाणी तापवायला लागते त्यापेक्षा त्याची वाफ करायला कितीतरी जास्त उष्णता लागते. एक ग्रॅम पाणी २५ अंशांवरून उकळीपर्यंत न्यायला साधारण ३०० जूल, आणि तेच वाफेत बदलायला जवळपास २,२६० जूल. शेगडीची निम्मी उष्णता इकडेतिकडे वाया जाते असं धरलं, तर एका किलोमागे साधारण ७० ग्रॅम गॅस खर्च होतो. सॉस आटायला इतका वेळ का लागतो याचं हे उत्तर आहे. हा वेळ कमी करायचा तर भांडं रुंद हवं, कारण वाफ पृष्ठभागावरून जाते. उंच पातेल्यात दुप्पट वेळ घालवण्यात अर्थ नाही. कुकरमध्ये टोमॅटो झटकन शिजतात, पण पाणी आतच राहतं; आटवायला शेवटी कढईच लागते. काही जण शिजलेला गर गाळणीवर ठेवून पाणी निथळून घेतात. गॅस वाचतो हे खरं, पण ते पाणी म्हणजे नुसतं पाणी नसतं, साखर, आम्ल आणि ग्लुटामेट त्यातच विरघळलेलं असतं. निथळलंच तर ते साराला वापरा, मोरीत ओतू नका.

भांडं स्टीलचं घ्या. जर्मलच्या पातेल्यात आणि लोखंडी कढईत टोमॅटोचं आम्ल धातू विरघळवतं, सॉसला कसनुशी चव येते आणि लोखंडात रंगही काळपट पडतो. कल्हई गेलेलं पितळेचं भांडं तर अजिबात नको.

मीठ आटल्यानंतर घालायचं. आधी चवीपुरतं घातलं तर पाणी अडीचपट कमी झाल्यावर तेच मीठ अडीचपट लागतं. आंबटपणाचंही तसंच. एक किलो टोमॅटोत साधारण चार ग्रॅम आम्ल असतं, मुख्यतः लिंबातलं तेच सायट्रिक आम्ल. पाणी उडतं, ते उडत नाही. आंबट लागलं की आपण साखर घालतो. साखरेने आम्ल कमी होत नाही, फक्त जिभेला कमी जाणवतं. खाण्याचा सोडा चिमूटभर घातला तर आम्ल खरोखर कमी होतं, कढईत फेस येतो तो त्यातून निघालेल्या कार्बन डायऑक्साइडचा. पण चिमटीच्या पुढे गेलात तर चव साबणासारखी होते. माझं मत साखरेच्या बाजूने आहे, तेही अर्ध्या चमच्यापेक्षा जास्त नाही.

तेल घालण्यात कंजूषी करू नये. लायकोपिन पाण्यात विरघळत नाही, तेलात विरघळतं. शिजवल्याने पेशी फुटून ते मोकळं होतं, त्याच्या रेणूंचा आकारही थोडा बदलतो आणि तेलासोबत ते आतड्यात जास्त चांगलं शोषलं जातं. क जीवनसत्त्व मात्र शिजताना घटतं, हा व्यवहार मान्य करायला हवा. ऑलिव्ह तेलच हवं असं काही नाही. मराठवाडा हा करडईचा मुलूख. परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठाने ‘परभणी कुसुम’ हे करडईचं वाण दिलं आहे. घाण्याचं करडईचं तेल या सॉसला छान लागतं. लायकोपिन त्यातही तितकंच विरघळतं.

आता ओरेगॅनो. पिझ्झ्याचा म्हणून जो वास आपल्या डोक्यात बसला आहे, तो बराचसा कार्वाक्रॉल नावाच्या द्रव्याचा. आपल्या ओव्यात असतं थायमॉल. या दोघांचं रासायनिक सूत्र एकच आहे: कार्बनचे १० अणू, हायड्रोजनचे १४ आणि ऑक्सिजनचा एक. फरक इतकाच की त्या ऑक्सिजनची जागा रेणूच्या कड्यावर थोडी सरकलेली आहे. म्हणून ओवा चोळला की पिझ्झ्याची आठवण येते. कुंडीतल्या पानओव्यात तर हे कुटुंब पानातच सापडतं, जाडसर, लव असलेली ती पानं. किराणा दुकानात ओरेगॅनो मिळालं नाही तर सॉस अडत नाही: पानओव्याची दोन-तीन पानं बारीक चिरून, किंवा हातावर चोळलेला ओवा अगदी चिमटीभर. ओवा उग्र आहे, जास्त पडला तर सॉस पोटदुखीच्या काढ्याच्या वाटेने जातो. बेसिलच्या जागी सब्ज्याची कोवळी पानं घ्या. फालुद्यातल्या बिया ज्याच्या, तेच ते झाड. देवाजवळची तुळस त्याची बहीण असली तरी तिचा वास लवंगेच्या अंगाने जातो, ती इथे जमत नाही.

ही सगळी सुगंधी द्रव्यं वाफेबरोबर उडतात. पाणी घालवायचं काम चालू असताना ती कढईत टाकली तर घरभर वास सुटतो आणि सॉसमध्ये उरत नाही. म्हणून गॅस बंद करायच्या दोन मिनिटं आधी घाला. लसणाचं वेगळं. तो ठेचला की त्यातलं विकर कामाला लागून तिखट वासाचं ॲलिसिन तयार होतं. ठेचून पाच-दहा मिनिटं ठेवा, मग सुरुवातीच्या तेलात परता, सोनेरी होण्याच्या आत टोमॅटो पडायला हवेत, नाहीतर कडू होतो.

सॉस झाला की नाही ते ताटलीत बघायचं. चमचाभर सॉस ठेवा, मिनिटभर थांबा. कडेने पाणी सुटलं नाही आणि मधून बोट फिरवल्यावर रेघ तशीच राहिली की झालं. कढईत कडेने तेल सुटायला लागतं तेही पाणी संपत आल्याचंच चिन्ह आहे.

साठवणीबद्दल मात्र मी कडक आहे. बोट्युलिनम जंतूचे बीजाणू साध्या उकळीने मरत नाहीत आणि हवा नसलेल्या बाटलीत, पीएच (आंबटपणा मोजायचा आकडा; तो जितका जास्त तितका आंबटपणा कमी) ४.६ च्या वर असेल तर, ते वाढून जीवघेणं विष तयार करू शकतात. टोमॅटोचा पीएच नेमका या रेषेच्या आसपास घुटमळतो आणि कांदा, लसूण, सोडा घातल्याने तो आणखी वर जातो. म्हणून तेलाचा थर देऊन लोणच्यासारखा हा सॉस फडताळात ठेवायचा नाही. लोणच्याला मीठ आणि आम्ल भरपूर असतं, याला नसतं. फ्रिजमध्ये चार-पाच दिवस, त्याहून जास्त ठेवायचा तर बर्फाच्या ट्रेमध्ये गोठवून वड्या करा आणि पिशवीत भरून फ्रीझरमध्ये टाका. मधल्या आकाराच्या एका पिझ्झ्याला तीन वड्या पुरतात.

सोललेल्या साली फेकू नका. लायकोपिन गरापेक्षा सालीत दाट असतं. थंडीतही आपल्याकडची दुपार कोरडी असते. कुरडया वाळवतो त्याच कापडावर पसरल्या की त्या दोन-तीन दिवसांत कडक होतात. मिक्सरला पूड करून डब्यात ठेवा. उन्हाळ्यात फिकट टोमॅटोचा सॉस करायची वेळ आली तर एक चमचा पूड घातली की रंग आणि दाटपणा दोन्ही येतात.