मास्टरमधील कस्टम फील्डचा मेळ

व्यवसाय व्यवस्थापनाच्या सॉफ्टवेअरमध्ये ग्राहक, पुरवठादार, माल, खाती यांची जी टिकाऊ नोंद असते तिला मास्टर म्हणतात. सॉफ्टवेअरबरोबर आलेले रकाने पुरले नाहीत की कंपनी स्वतः काही वाढवते. ती कस्टम फील्ड. बहुतेक ठिकाणी मास्टरची प्रत एकच नसते. एक ईआरपीत, म्हणजे कंपनीचा सगळा कारभार सांभाळणाऱ्या मुख्य सॉफ्टवेअरमध्ये असते, दुसरी विक्री विभागाच्या सीआरएममध्ये, म्हणजे ग्राहकसंबंधांच्या सॉफ्टवेअरमध्ये, तिसरी शाखेच्या किंवा गोदामाच्या प्रणालीत. या सगळ्या प्रतींत वाढीव रकान्यातली माहिती एकसारखी राहावी म्हणून जी व्यवस्था लावतात तिला समक्रमण, आणि रोजच्या बोलण्यात ‘सिंक’, म्हणतात.

नाव, पत्ता, जीएसटी क्रमांक यांसारखे मूळचे रकाने इकडून तिकडे नेण्याची सोय सॉफ्टवेअर बनवणाऱ्यानेच केलेली असते. वाढीव रकाना त्या जोडणीच्या ओळखीचा नसतो, म्हणून ती त्याला मागे ठेवून पुढे जाते आणि बहुधा तक्रारही करत नाही. पडद्यावर रकाना दोन्हीकडे दिसतो, एका बाजूला भरलेलाही असतो. दुसऱ्या बाजूला तो रिकामा आहे हे लक्षात येते ते लेखापरीक्षक विचारतो तेव्हा.

भारतातले अलीकडचे बोलके उदाहरण उद्यम नोंदणीचे आहे. १ जुलै २०२० पासून सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योगांची नोंदणी ‘उद्यम’ या नावाने होऊ लागली. पुढे २०२३ च्या वित्त अधिनियमाने १९६१ च्या आयकर कायद्यात कलम ४३बी(एच) घातले. सूक्ष्म किंवा लघु उद्योगाचे देणे मुदतीत चुकते केले नाही, तर त्या खर्चाची वजावट पैसे प्रत्यक्ष दिले त्या वर्षीच मिळते. लेखी करार नसेल तर मुदत १५ दिवसांची, असेल तर जास्तीत जास्त ४५ दिवसांची. आर्थिक वर्ष २०२३-२४ पासून हे लागू झाले आणि अनेक कंपन्यांनी पुरवठादार मास्टरमध्ये उद्यम क्रमांक व उद्योगाचा वर्ग असे दोन रकाने घाईघाईने वाढवले.

यातला क्रमांकाचा रकाना तुलनेने सरळ आहे. ‘उद्यम’, राज्याची दोन अक्षरे, जिल्ह्याचे दोन अंक आणि शेवटी सात अंक असे त्याचे रूप ठरलेले असते, त्यामुळे तपासणी लावता येते. गंमत वर्गाच्या रकान्यात आहे. समजा, खरेदी विभागाच्या प्रणालीत ‘एम’ म्हणजे मायक्रो आणि लेखा विभागाच्या प्रणालीत ‘एम’ म्हणजे मीडियम. सिंक आपले काम चोख करते: इकडचा ‘एम’ तिकडे ‘एम’ म्हणूनच पोचतो. पण मध्यम उद्योग या मुदतीच्या नियमात येत नाहीत. त्यामुळे भोसरीतला सूक्ष्म वर्गातला जॉबवर्कवाला लेखा विभागाच्या यादीत ‘घाई नाही’ या गटात जाऊन बसतो आणि त्याचे बिल ४५ दिवसांच्या पुढे सरकते. सिंकच्या नोंदवहीत मात्र सगळे हिरवे असते. अक्षर जुळणे आणि अर्थ जुळणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि तयार साधने बहुतांशी पहिलीच तपासतात. म्हणून यादीतून निवडायच्या रकान्यासाठी कोडांचा तक्ता आधी कागदावर मांडावा लागतो.

शिवाय हा वर्ग कायमचा नसतो. १ एप्रिल २०२५ पासून उलाढालीच्या मर्यादा बदलल्या: सूक्ष्मसाठी ५ ऐवजी १० कोटी, लघुसाठी ५० ऐवजी १०० कोटी, मध्यमसाठी २५० ऐवजी ५०० कोटी रुपये. वर्गाशेजारी ‘केव्हापासून’ हा रकाना नसेल तर कोणत्या प्रणालीतला वर्ग ताजा आणि कोणता शिळा हे कळायला मार्ग उरत नाही.

मोठ्या कंपन्यांत हा प्रश्न सॅप या जर्मन ईआरपीच्या संदर्भात बराच चर्चिला जातो. तेथे ग्राहकाची सर्वसाधारण माहिती केएनए१ या तक्त्यात असते आणि पुरवठादाराची एलएफए१ मध्ये. ही नावे ‘कुंडे’ आणि ‘लीफेरांट’ या जर्मन शब्दांवरून आली आणि पुण्यातल्या सल्लागारांच्या तोंडीही तशीच राहिली. कंपनीने वाढवलेल्या रकान्यांची नावे सहसा ‘झेडझेड’ किंवा ‘वायवाय’ने सुरू होतात, म्हणजे पुढच्या आवृत्तीतल्या मूळ रकान्यांशी टक्कर होत नाही. एका सॅपमधून दुसऱ्यात मास्टर पाठवायचा पारंपरिक मार्ग आयडॉक या संदेशाचा: ग्राहकासाठी डेबमास, पुरवठादारासाठी क्रेमास, मालासाठी मॅटमास. वाढीव रकाना पाठवायचा तर या संदेशाला स्वतःचा तुकडा जोडावा लागतो, आणि तो भरण्याचा व पलीकडे उतरवून घेण्याचा कोड लिहावा लागतो.

एवढे करूनही एक खाच राहते. बदल झाला हे सॅपला ‘चेंज पॉइंटर’वरून कळते आणि कोणत्या रकान्यांवर लक्ष ठेवायचे याची यादी प्रत्येक संदेशासाठी वेगळी असते. नवा रकाना त्या यादीत घालायला कोणी विसरले, तर फक्त तोच बदलल्यावर काहीच पाठवले जात नाही. पुढे कधीतरी कोणी त्या ग्राहकाचा फोन नंबर बदलतो, संदेश निघतो आणि अनेकदा वाढीव रकान्यातली नोंदही त्याच गाडीत बसून पोचते. मग ‘कधी होतं, कधी होत नाही’ अशी तक्रार येते आणि नेटवर्कवाल्याला फुकट बोलणी बसतात.

२०१५ मध्ये आलेल्या एस/४ हाना या सॅपच्या नव्या पिढीने एकाच प्रणालीच्या पोटातही समक्रमणाची गरज निर्माण केली. तेथे ग्राहक आणि पुरवठादार दोघांचीही नोंद ‘बिझनेस पार्टनर’ म्हणून होते. जुने केएनए१ आणि एलएफए१ तक्ते काढलेले नाहीत. पार्टनरमध्ये भरलेली माहिती कस्टमर-व्हेंडर इंटिग्रेशन या यंत्रणेतून त्यांत उतरते. जुन्या प्रणालीत ग्राहकाच्या पडद्यावर वाढवलेला रकाना त्यामुळे आपोआप नव्या पडद्यावर येत नाही. त्याला पार्टनरच्या पडद्यावर जागा द्यावी लागते आणि रूपांतराच्या वाटेवर स्वतःचा कोड जोडावा लागतो.

मुंबईत घडलेल्या ईआरपीनेक्स्ट या मुक्तस्रोत प्रणालीत मांडणी सुटसुटीत आहे. रकाना वाढवायला कोड लागत नाही. विक्री ऑर्डरवरून बीजक तयार करताना दोन्हीकडे रकान्याचे अंतर्गत नाव तंतोतंत एक असेल, तर माहिती आपसूक उतरते; ‘नो कॉपी’ ही खूण केली असेल तर उतरत नाही. ‘फेच फ्रॉम’ने ग्राहक मास्टरमधली नोंद थेट दस्तऐवजात ओढता येते. नवशिक्या हमखास अडखळतो तो मालाच्या ओळींवर. ऑर्डर आणि तिच्यातली ओळ हे दोन वेगळे साचे असल्याने ऑर्डरवर रकाना वाढवला म्हणून ओळीवर तो येत नाही. टॅलीत वाढीव रकान्याला यूडीएफ म्हणतात आणि त्याची ओळख नावाइतकीच क्रमांकावर अवलंबून असते. दोन वेगवेगळ्या विकासकांच्या टीडीएल फायलींनी (टॅलीत भर घालणाऱ्या प्रोग्रामच्या फायली) एकच क्रमांक वापरला तर एकाची माहिती दुसऱ्याच्या रकान्यात डोकावते.

प्रणाली कोणतीही असो, सर्वांत आधी ठरवायचे ते रकान्याचा धनी कोण हे. संपूर्ण मास्टरचा नव्हे, एकेका रकान्याचा. पतमर्यादा लेखा विभागाची, भेटीचा वार विक्री विभागाचा, उद्यम क्रमांक खरेदी विभागाचा. धन्याच्या प्रणालीत बदल होईल आणि बाकीच्या तो फक्त दाखवतील. हे ठरवायला बैठक लागते आणि बैठकीत भांडण होते, म्हणून पुष्कळ प्रकल्प सरळ दुतर्फा सिंक लावून मोकळे होतात. मग ‘अ’ने ‘ब’ला बदल कळवायचा, ‘ब’ने तो आपलाच नवा बदल समजून ‘अ’ला परत पाठवायचा, असा चेंडू रात्रभर फिरत राहतो.

रिकाम्या रकान्याचा अर्थही आधीच ठरवावा लागतो. पाठवलेल्या फाइलमध्ये रकाना कोरा असेल तर ‘पुसून टाका’ असे समजायचे की ‘याबद्दल काही सांगायचे नाही’ असे? पहिला अर्थ धरला आणि शाखेने अर्धवट भरलेली एक्सेल चढवली, तर मुख्यालयाची माहिती साफ होते. दुसरा धरला तर चुकीची नोंद कधीच काढता येत नाही. नोंदी जुळवायच्या त्या प्रत्येक नोंदीला दिलेल्या कोडावरून, नावावरून नव्हे. ‘श्री गणेश इंजिनिअरिंग वर्क्स’ आणि ‘श्रीगणेश इंजि. वर्क्स’ हे माणसाला एक वाटतात, संगणकाला दोन. कोडही बेभरवशाचा ठरू शकतो. सॅप ००००१००२३४ असा दहा अंकी ग्राहक क्रमांक साठवते, पडद्यावर १००२३४ दाखवते, आणि एक्सेल सुरुवातीची शून्ये खाऊन टाकते.

काही गोष्टींचा मेळ घालूच नये. ग्राहकाचा पत्ता आज बदलला म्हणून मागच्या वर्षीच्या बीजकावरचा पत्ता बदलता कामा नये. बीजक, चलन, क्रेडिट नोट यांवरची माहिती त्या दिवसाची नक्कल असते आणि ती गोठलेलीच बरी. वाढीव रकाना दस्तऐवजावर ओढताना तो साठवला जातो की दर वेळी मास्टरमधून वाचून दाखवला जातो, हे म्हणूनच तपासून घ्यावे लागते.

रकाने वाढवले जातात, काढले मात्र क्वचितच जातात. १ जुलै २०१७ रोजी जीएसटी आल्यावर महाराष्ट्रातल्या बहुतेक व्यापाऱ्यांसाठी २७ ने सुरू होणारा आणि शेवटी ‘व्ही’ किंवा ‘सी’ अक्षर असलेला व्हॅट व केंद्रीय विक्रीकराचा क्रमांक कामातून गेला. पेट्रोल, डिझेल आणि पिण्याची दारू जीएसटीबाहेर राहिल्याने त्या धंद्यांत तो अजून लागतो, म्हणून रकाना सरसकट काढायचे धाडस कोणी करत नाही. जुन्या प्रणालींत तो अजूनही रोज रात्री या तक्त्यातून त्या तक्त्यात जातो, बहुतेक ओळींत कोरा.