नाटकात दारं किती? फार्सची ऑडिशन आणि स्वभावावर चालणाऱ्या विनोदी नाटकाची

गणपती आटोपले की हौशी नाट्यसंस्थांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर ठरलेला मजकूर फिरू लागतो: ‘विनोदी नाटकासाठी कलाकार हवेत, अनुभवाची अट नाही.’ सांस्कृतिक कार्य संचालनालयाची राज्य नाट्य स्पर्धा असो, गोव्यात कला अकादमीची असो, नाहीतर परदेशातल्या एखाद्या महाराष्ट्र मंडळाचा कार्यक्रम असो, मजकूर तोच. नाटक कोणत्या जातीचं आहे हे मात्र कुणी लिहीत नाही. मग स्वभावावर चालणाऱ्या नाटकाची तयारी करून लोक फार्सच्या, म्हणजे घोटाळे आणि पळापळीवर चालणाऱ्या नाटकाच्या, ऑडिशनला जातात, आणि उलटंही होतं. म्हणून फोन कराल तेव्हा भूमिका कोणती हे विचारायच्या आधी नेपथ्यात दारं किती आहेत ते विचारा. चार दारं आणि एक पडदा म्हणाले तर समजायचं, पळायचं आहे.

दोन्हींत प्रेक्षक हसतो, त्यामुळे गल्लत होते. ओळखायची माझी कसोटी साधी आहे. त्याच प्रसंगात दुसरं माणूस उभं करून बघायचं. अत्र्यांचं ‘मोरूची मावशी’ घ्या (मूळ इंग्रजी ‘चार्लीज आण्ट’, १८९२). मुली घरी यायच्या तर वडीलधारी बाई हवी, आणि मावशीचा तर पत्ता नाही. मग मित्रालाच लुगडं नेसवतात. त्या लुगड्यात दुसरा कुठलाही तरुण घाला, पंचाईत तेवढीच राहते. आता पु. लं.च्या ‘तुझे आहे तुजपाशी’तल्या (१९५७) मजेत जगणाऱ्या काकाजींची वाक्यं कडक संयमी आचार्यांच्या तोंडी घालून बघा. नाटक तिथेच कोसळेल. तिथलं हसू त्या माणसाच्या स्वभावातून येतं, आणि तो माणूस बदलला की तेही जातं.

फार्सची ऑडिशन बहुतेक वेळा वाचनावर संपत नाही. रिकामा हॉल असतो, मधे दोन प्लॅस्टिकच्या खुर्च्या म्हणजे दार. दिग्दर्शक सांगतो, ‘ट्रे घेऊन ये. सोफ्यावर सासरे बसलेत, त्यांना तू दिसायचा नाहीस. ‘आलोच’ म्हणायचं आणि त्या शब्दावर दाराबाहेर.’ पहिल्या खेपेला जवळजवळ सगळेच बरं करतात. मग तो म्हणतो, ‘परत. तसंच.’ खरी परीक्षा इथून सुरू होते. ट्रे त्याच हातात आहे का? वळण त्याच शब्दावर आलं का? समोरच्याला आधीसारखीच वाट मिळाली का? पहिल्या वेळी लोक हसले म्हणून दुसऱ्या वेळी तोंड आणखी वेडंवाकडं करणारा गडी इथेच गळतो. तिसऱ्या खेपेला सांगतात, ‘आता दुप्पट वेगात.’ त्यात वाक्याचं शेवटचं अक्षर गिळलं गेलं तर संपलं, कारण विंगेत उभा असलेला माणूस त्याच अक्षरावर एन्ट्री घेणार असतो. क्यू, म्हणजे एन्ट्रीची ही खूण, चुकला की तो आत येतो तेव्हा तुम्ही अजून बाहेर पडलेले नसता, आणि जे दोघं एकमेकांना दिसायचे नाहीत ते समोरासमोर येतात.

पदरचं वाक्य घालायची सवय, म्हणजे रंगमंचावर ज्याला ‘ॲडिशन घेणं’ म्हणतात ती, फार्सच्या निवडीत फार महागात पडते. हजरजबाबी म्हणून गल्लीत नाव असलेला मुलगा इथे हटकून मागे पडतो, आणि बँकेत काम करणारी, चार वाक्यं चोख बोलून वेळेवर बाहेर जाणारी बाई पुढे जाते. मला यात अन्याय वाटत नाही. बबन प्रभूंचे फार्स आत्माराम भेंड्यांनी रंगमंचावर आणले तेव्हा टाळ्या गमतीदार चेहऱ्यांना पडत असतील असं वाटतं खरं, पण संहिता उघडून बघा: पान एन्ट्री-एक्झिटनी भरलेलं असतं. आणखी एक. फार्समधल्या माणसाच्या दृष्टीने काहीही गमतीचं चाललेलं नसतं. त्याचं लग्न मोडणार असतं, नोकरी जाणार असते. घाबरायचं ते खरं घाबरा.

स्वभावावर चालणाऱ्या नाटकाच्या ऑडिशनला तुम्हाला खुर्चीवर बसवतात, हातात चार पानं देतात, समोर कुणीतरी वाचायला असतं. तुम्ही बोलता तेव्हा दिग्दर्शक पानाकडे बघतो आणि समोरचा बोलतो तेव्हा तुमच्याकडे. ऐकता का, हे त्याला बघायचं असतं. आपलं पुढचं वाक्य कुठे आहे ते बोटाने शोधत बसलात तर भूमिका गेलीच. काकाजींसारखी भूमिका असेल, इंदुरी वळणाची, हिंदी मिसळलेली मराठी असेल, तर त्या बोलीचीच टर उडवू नका. तो माणूस तसाच बोलतो, त्याला त्यात काही विशेष वाटत नाही. पॉज घ्या, पण पॉज घेतला हे दिसू देऊ नका.

दोन्ही जातींची सरमिसळ असलेली नाटकंही आहेत, आणि ती सर्वांत अवघड. देवलांचं ‘संशयकल्लोळ’ तसं. आधी १८९३ साली गद्यात ‘फाल्गुनराव अर्थात तसबिरीचा घोटाळा’, मग १९१६ साली संगीत नाटक म्हणून आलं. बायकोच्या हातात परक्या पुरुषाची तसबीर दिसते, हा घोटाळा फार्सचा, आणि तो ठरल्या क्षणीच घडावा लागतो. पण तसबीर नसती तरी फाल्गुनरावाला संशय घ्यायला दुसरं काहीतरी सापडलंच असतं. त्यामुळे या भूमिकेला तुम्हाला आधी हालचालीवर तपासतात आणि मग निवांत वाचायला बसवतात. निव्वळ धावपळ करणारा फाल्गुनराव दुसऱ्या अंकात कंटाळवाणा होतो.

स्वतःचा उतारा तयार करून आणायला सांगितला असेल तर लक्ष्मीकांत बेर्डे किंवा अशोक सराफ यांची नक्कल करू नका. मिमिक्री चांगली जमत असली तरीही. समोर बसलेल्यांनी ती दिवसभर बघितलेली असते. फार्ससाठी हातात काहीतरी वस्तू असलेला उतारा घ्या: पत्र, छत्री, चप्पल. स्वभावाच्या नाटकासाठी ज्यात माणूस स्वतःला शहाणा समजतो असा. कपडे फार्सला सैल आणि पायात न घसरणारे बूट. लुगडं नेसून पळायची भूमिका असेल तर घरून एक जुनी साडी पिशवीत टाका.

बऱ्याच मंडळांत मुख्य भूमिका आधीच वाटलेल्या असतात, हेही खरं. तरी जा, दुय्यम भूमिका त्याच दिवशी ठरतात.

फॉर्मवर तालमीच्या तारखांचा रकाना असतो तो बहुतेक जण ‘कधीही’ लिहून मोकळे होतात. स्वभावाच्या नाटकात एक जण गैरहजर असला तर त्याची वाक्यं प्रॉम्प्टर वाचतो आणि तालीम पुढे जाते. फार्समध्ये पळापळीच्या प्रवेशात पाचातला एक नसला तर उरलेले चौघं चहा पीत बसतात. तेव्हा शनिवारी पोराचा क्लास असेल तर तसं स्पष्ट लिहा.