कंपाउंड वॉल किती उंच बांधता येते आणि परवानगीला काय लागतं

गवंडी उंची अंगणातून मोजतो. नियम ती समोरच्या रस्त्याच्या मध्यरेषेपासून मोजतो. निम्मी भांडणं इथेच सुरू होतात.

महाराष्ट्रात डिसेंबर २०२० पासून एकत्रिकृत विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावली (यूडीसीपीआर) लागू आहे. मुंबई महापालिका, एमआयडीसी आणि माथेरान-महाबळेश्वरसारखी ठिकाणं तिच्याबाहेर, तिथले नियम वेगळे. या नियमावलीनुसार भिंत १.५ मीटर, म्हणजे साधारण पाच फूट. वरचे ०.९ मीटर जाळीचे किंवा ग्रिलचे, आरपार दिसेल असे ठेवले तर २.४ मीटरपर्यंत जाता येतं. भराव टाकून प्लॉट रस्त्यापेक्षा दीड फूट वर घेतला असेल, तर त्या पाच फुटांतले आतून साडेतीनच उरतात. कुत्रं सहज उडी मारेल एवढी! अशा वेळी वर ग्रिल घेणं हाच सरळ मार्ग.

कोपऱ्याच्या प्लॉटला आणखी बंधन आहे. वळणावरची गाडी दिसावी म्हणून चौकाकडच्या दोन्ही बाजूंना १० मीटर लांबीपर्यंत भरीव बांधकाम ०.७५ मीटरच, त्यावर तेवढंच रेलिंग चालतं.

दुकानदारांचा समज असतो की व्यावसायिक जागेला आठ फूट भिंत आपोआप मिळते. तसं नाही. वर ग्रिल न ठेवता २.४ मीटरची सवलत कारखाने, वर्कशॉप, रुग्णालयं, शाळा-कॉलेज, वसतिगृहं, वीज उपकेंद्रं अशांना आहे, तीही प्राधिकरणाने मंजूर केली तर. नुसत्या दुकानाला घराचाच नियम.

अर्ज मालकाने किंवा त्याच्या कुलमुखत्याराने करायचा. सोसायटी असेल तर सर्वसाधारण सभेचा ठराव जोडावा. महापालिका किंवा नगरपालिका हद्दीत नगररचना विभागाकडे, गावठाणात ग्रामपंचायतीकडे, गावठाणाबाहेर साधारणपणे जिल्हाधिकारी कार्यालयाकडे. नवीन घराच्या नकाशातच भिंत दाखवून मंजूर करून घेतली असेल तर वेगळी फाइल कशाला?

कागदपत्रांत ताजा सातबारा किंवा मालमत्ता पत्रक, घरपट्टीची पावती, आणि आर्किटेक्ट किंवा परवानाधारक इंजिनिअरच्या सहीचा नकाशा. त्या नकाशात रस्त्याची मध्यरेषा आणि भिंतीचा छेद दाखवायला सांगा. पण खरा कागद म्हणजे भूमी अभिलेखची मोजणी 'क' प्रत, म्हणजे मोजणीनंतर मिळणारा हद्दीचा नकाशा. मोजणीच्या वेळी लगतच्या खातेदारांना नोटीस जाते, त्यामुळे हद्दीचा वाद पाया खोदण्याआधीच उघडा पडतो. रस्ता रुंद करण्यासाठी आखलेली रेषा प्लॉटमधून जाते का, हेही नगररचना विभागात विचारून घ्या. भिंत त्या रेषेच्या आतच घ्यावी लागेल.

एमआरटीपी (महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना) कायद्याच्या कलम ४५ प्रमाणे ६० दिवसांत उत्तर आलं नाही तर परवानगी मिळाली असं मानलं जातं, मात्र नकाशा नियमात तंतोतंत बसत असेल तरच. विनापरवाना बांधकामाला कलम ५३ ची नोटीस येते.

आणि फाटक आतल्या बाजूलाच उघडलं पाहिजे. रस्त्यावर उघडणारं चालत नाही.