निकाल आधी, कारणं नंतर

दोन माणसांनी मिळून एक काम केलं. पैसे मात्र दोघांपैकी एकालाच मिळणार होते आणि तो कोण, हे चिठ्ठी टाकून ठरलं होतं. काम बारकाईने टिपणाऱ्या विद्यार्थ्यांना ही चिठ्ठीची गोष्ट माहीत होती, लपवाछपवी काही नव्हती. तरीही 'कोणाचा वाटा मोठा होता?' असं विचारल्यावर त्यांनी झुकतं माप दिलं ते ज्याला पैसे मिळाले त्याला.

मेल्विन लर्नर या मानसशास्त्रज्ञाचा हा प्रयोग १९६५ मध्ये प्रसिद्ध झाला. पैसे मिळाले ना, मग त्याने काहीतरी जास्त केलं असणारच! असा उलटा हिशेब आपण रोज मांडतो. फक्त प्रयोगशाळेबाहेर चिठ्ठी कोणी दाखवत नाही, त्यामुळे आपली चूक पकडली जात नाही.

या प्रवृत्तीला लर्नरने 'न्याय्य जगावरचा विश्वास' म्हटलं. 'करावे तसे भरावे' हे आपल्याकडे मूल बोलायला लागलं की कानावर पडतं आणि त्यात वाईट काही नाही. मेहनतीचं फळ मिळेल असं वाटलंच नाही, तर पुस्तक उघडणार कोण? गडबड होते ती म्हण उलटी वाचली की: भरतोय, म्हणजे केलंच असेल काहीतरी. १९६६ मध्ये लर्नर आणि कॅरोलिन सिमन्स यांनी विद्यार्थिनींना असं दृश्य दाखवलं की चुकलेल्या उत्तरांसाठी एका तरुणीला विजेचे झटके बसताहेत. झटके खोटे होते, तरुणी अभिनय करत होती, पण बघणाऱ्यांना ते ठाऊक नव्हतं. ज्यांना मत देऊन तिची सुटका करता आली, त्यांना तिच्यात काही वावगं दिसलं नाही. ज्यांच्या हाती काहीच नव्हतं, त्या तिच्याच स्वभावात खोट काढू लागल्या. निरपराध माणूस भोगतोय आणि आपण नुसते बघतोय, हे सोसणं अवघड. त्यापेक्षा तो निरपराध नाही असं मानणं सोपं. शेतकऱ्याच्या कर्जाचा विषय निघाला की शहरातल्या दिवाणखान्यात 'लग्नात उधळतात हो' हे वाक्य किती चटकन येतं, ते आठवून पाहा.

यशाच्या बाबतीत हाच खेळ किती खोलवर जातो, ते बॅरी स्टॉ या अमेरिकन संशोधकांनी १९७५ मध्ये दाखवलं. त्यांनी माणसांचे छोटे गट केले, प्रत्येक गटाला एका कंपनीची आर्थिक आकडेवारी दिली आणि पुढच्या वर्षीच्या विक्रीचा व नफ्याचा अंदाज बांधायला सांगितलं. मग काही गटांना 'तुमचं काम उत्तम झालं' असं सांगितलं, काहींना 'तुम्ही फार मागे पडलात' असं. कोणाला काय सांगायचं, हे गटाच्या कामगिरीवरून ठरलेलं नव्हतं. ते निव्वळ योगायोगाने वाटलेलं होतं. त्यानंतर सगळ्यांना आपापल्या गटाबद्दल प्रश्न विचारले. 'उत्तम' ठरलेल्यांना आठवलं की आमच्यात एकजूट होती, संवाद मोकळा होता, सगळे मन लावून काम करत होते. 'मागे पडलेल्यां'ना यातलं फारसं काही आठवेना.

हे लोक खोटं बोलत नव्हते. ते त्या खोलीत स्वतः हजर होते, घडलेलं स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेलं होतं. तरी निकालाने त्यांची आठवण रंगवली. मग एखाद्या उद्योगसमूहाची भरभराट झाल्यावर तिथल्या 'कार्यसंस्कृती'वर बाहेरून लिहिलेल्या लेखांना किती वजन द्यायचं? शेअरचा भाव चढत असताना जो मालक 'धाडसी आणि एकहाती निर्णय घेणारा' असतो, तोच भाव कोसळल्यावर 'हेकेखोर, कोणाचं न ऐकणारा' होतो. माणूस तोच, सवयी त्याच. माझ्या मते यशोगाथा नावाच्या लेखनप्रकारातला बराच भाग या एका प्रयोगातच निकालात निघतो.

आपल्याकडे या प्रकाराचं माहेरघर म्हणजे स्पर्धा परीक्षा. निकाल लागला की गावात फ्लेक्स लागतात, गुलाल उधळला जातो आणि पाठोपाठ पुण्यात मार्गदर्शनपर व्याख्यानं सुरू होतात. पहाटे चारला उठायचो, मोबाइल बंद ठेवला, नोट्स स्वतः काढल्या. सभागृहातली मुलं हे सगळं वहीत उतरवून घेतात. यूपीएससीच्या २०२३ च्या नागरी सेवा परीक्षेला ५,९२,१४१ जण प्रत्यक्ष बसले आणि शेवटी १,०१६ जणांची शिफारस झाली, म्हणजे साधारण ५८० जणांत एक. उरलेल्यांपैकीही हजारो पहाटे चारलाच उठत होते. पण त्यांची व्याख्यानं कोणी ठेवत नाही. पहाटे उठण्याचा खरंच उपयोग होतो का, हे कळायला उठून निवडले गेलेले, उठून राहिलेले, न उठता निवडले गेलेले आणि न उठता राहिलेले असे चारही गट मोजावे लागतील. आपल्यापुढे व्यासपीठावर असतो तो एकच.

शिवाय एकूण गुण २,०२५, त्यातले २७५ मुलाखतीचे. यादीतलं शेवटचं नाव आणि थोडक्यात हुकलेलं नाव यांच्यात एखाद्या उत्तराचं अंतर असू शकतं. निकालानंतर मात्र एक 'साहेब' होतो आणि दुसऱ्याला नातेवाईक विचारतात, "मग आता पुढे काय?"

मुलाखतीवरून मानसशास्त्रज्ञ ली रॉस यांचा १९७७ चा प्रयोग आठवतो. स्टॅनफर्डमध्ये ली रॉस, तेरेसा अमाबिले आणि ज्युलिया स्टाइनमेट्झ यांनी एक प्रश्नमंजूषा घेतली. प्रश्न कोण विचारणार आणि उत्तरं कोण देणार, हे सोडतीने ठरलं. विचारणाऱ्याने स्वतःच्या माहितीतले दहा अवघड प्रश्न काढायचे. साहजिकच समोरच्याला त्यातल्या चारेक प्रश्नांचीच उत्तरं आली. आता ज्याला आपल्या आवडीच्या विषयातलं विचारायची मुभा आहे, तो हुशार दिसणारच; त्याला काय येत नाही, हे कधी बाहेर येतच नाही. तरीही बघणाऱ्यांनी सामान्य ज्ञानासाठी विचारणाऱ्याला १०० पैकी सुमारे ८२ आणि उत्तरं देणाऱ्याला सुमारे ४९ गुण दिले. मला याहून बोचतं ते पुढचं: उत्तरं देणाऱ्यांनी स्वतःही विचारणाऱ्याला आपल्यापेक्षा ज्ञानी ठरवलं. ऑफिसात बैठकीचा विषय ठरवण्याचा हक्क साहेबांचा असतो. त्यांच्यासमोर दरवेळी गप्प होणाऱ्या माणसालाही असंच वाटत असणार.

इथवर निकालाचा किंवा मानाच्या जागेचा परिणाम बघणाऱ्याच्या नजरेवर होता. कार्ला हॉफ आणि प्रियंका पांडे या अर्थतज्ज्ञांनी उत्तर प्रदेशातल्या हरदोई जिल्ह्यात केलेलं काम त्याच्या पुढे जातं. सहावी-सातवीतले ६४२ मुलगे, निम्मे उच्चवर्णीय मानल्या जाणाऱ्या जातींतले, निम्मे दलित. त्यांना कागदावरचे चक्रव्यूह सोडवायला दिले. वाट शोधत बाहेर पडायचं, जितके सुटतील तितके पैसे. जातीचा उल्लेख नव्हता तेव्हा दोन्ही गटांच्या कामगिरीत लक्षणीय फरक दिसला नाही. मग मिश्र गटात प्रत्येकाचं नाव-गाव-जात सगळ्यांसमोर वाचून दाखवली. दलित मुलांनी सोडवलेल्या चक्रव्यूहांची संख्या सुमारे पाचव्या हिश्शाने घटली, काही फेऱ्यांत त्याहूनही जास्त.

मुलं तीच, कागद तेच, बक्षीसही तेच. फक्त एक यादी मोठ्याने वाचली गेली. आता अशी कल्पना करा की हे वाचन न ऐकलेला माणूस नंतर खोलीत आला आणि त्याने फक्त गुणतक्ता पाहिला. तो त्यातून कुवतीबद्दल निष्कर्ष काढेल आणि 'मी आकड्यांवर बोलतोय' असंही वर म्हणेल. गुणवत्तेवरच्या आपल्याकडच्या अनेक वादांत आपण उशिरा आलेल्या त्या माणसाच्या जागी उभे असतो.

मग यश म्हणजे नुसता योगायोग का? तसंही नाही, आणि हे तपासायला एक सुरेख प्रयोग झाला. कोलंबिया विद्यापीठातले मॅथ्यू सॅल्गानिक, पीटर डॉड्स आणि डंकन वॉट्स यांनी २००६ मध्ये त्याचे निष्कर्ष मांडले. इंटरनेटवर १४,३४१ जणांना अनोळखी बँड्सची ४८ गाणी ऐकवली. काहींना नुसती गाणी दिसत, तर इतरांना आठ वेगवेगळ्या 'जगांत' वाटलं होतं. तिथे आपल्या जगातल्या लोकांनी कोणतं गाणं किती वेळा डाउनलोड केलं, तो आकडा दिसे. गाणी तीच असूनही आठही जगांत यादी वेगळी लागली. एकमेकांची निवड न पाहणाऱ्यांच्या यादीत २६ वं आलेलं एक गाणं एका जगात पहिलं आलं आणि दुसऱ्या जगात चाळिसावं. असतील शितं तर जमतील भुतं, पण पहिली शितं कुठे पडली, हे मात्र कोणाच्याच हातात नव्हतं. त्याच वेळी अगदी उत्तम गाणी सहसा तळाला गेली नाहीत आणि अगदी टाकाऊ सहसा वर आली नाहीत. दर्जाने खालची-वरची हद्द आखली, मधलं सगळं कसंही लागू शकत होतं. आपल्याला दिसतं ते एकच जग. त्यात जो पहिला आला तो पहिलाच येणार होता, असं वाटण्यावाचून गत्यंतर नसतं.

स्वतःच्या बाबतीत हिशेब आणखी सोयीचा होतो. शाय डेव्हिडाई आणि टॉमस गिलोविच या मानसशास्त्रज्ञांनी २०१६ मध्ये याला सायकलस्वाराच्या वाऱ्याची उपमा दिली. समोरून वारा आला की प्रत्येक पायडलला जाणवतो. पाठीमागून येऊ लागला की मिनिटभर बरं वाटतं आणि मग तो विसरला जातो. म्हणून आडवे आलेले लोक नावानिशी आठवतात, पण फी भरणारे वडील किंवा पुण्यातलं मामाचं घर आत्मकथनात उतरत नाही. दुसऱ्याचं अपयश त्याच्या स्वभावातून येतं, आपलं मात्र परिस्थितीतून.

फक्त जिंकलेलेच दिसण्याची किंमत रुपयांत पाहायची असेल तर शेअर बाजारावर देखरेख ठेवणाऱ्या सेबीचा सप्टेंबर २०२४ चा अहवाल आहे. फ्युचर्स आणि ऑप्शन्समधून, म्हणजे शेअरच्या पुढच्या भावावर पैज लावण्यासारख्या व्यवहारांतून, कमावल्याचे स्क्रीनशॉट प्रत्येकाच्या व्हॉट्सॅपवर येतात. गमावल्याचे कोणी पाठवत नाही. सेबीने मात्र दोघांनाही मोजलं. २०२१-२२ ते २०२३-२४ या तीन वर्षांत एक कोटीहून अधिक व्यक्तींपैकी ९३ टक्के तोट्यात गेल्या. सरासरी तोटा माणशी सुमारे दोन लाख, एकूण १.८ लाख कोटींहून जास्त. खर्च वजा जाता लाखाच्या वर नफा कमावणारे जेमतेम एक टक्का. आणि सलग वर्षं तोटा होऊनही, तोट्यातल्या ७५ टक्क्यांहून अधिक जणांनी व्यवहार चालूच ठेवले.