पिवळ्या उंदरांची जोडी आणि रिकामी राहणारी पाव जागा

‘रेड’ आणि ‘फॉन’ ही हौशी पाळणाऱ्यांनी पिवळ्या उंदरांना दिलेली नावं. पहिल्याचा रंग तांबूस-पिवळा आणि डोळे काळे. दुसराही तोच, फक्त डोळे गुलाबी. रंग ठसठशीत, पण पिवळ्या नर-मादीच्या वेतात दुसऱ्या रंगाची पिल्लं निघतातच. पैदास करणारा फसवतो असा संशय यावा, इतकं हे नेमानं घडतं.

फ्रान्समध्ये नान्सी इथं ल्यूसियँ क्युएनो यांनी १९०५ मध्ये हे मांडलं. मेंडेलच्या हिशोबानं तीन पिवळ्यांस एक दुसरं असं प्रमाण यायला हवं होतं, पण पिवळे कमी पडत होते आणि शुद्ध, म्हणजे दोन्हीकडून पिवळेपण मिळालेला, एकही सापडेना. पिवळेपण असलेलं शुक्रबीज तसल्याच अंड्याशी जुळतच नाही, असा तर्क त्यांनी केला. तो चुकला. अमेरिकेत विल्यम कॅसल आणि क्लॅरेन्स लिटल यांनी १९१० मध्ये १२३५ पिल्लं मोजली: ८०० पिवळी, ४३५ इतर. म्हणजे जवळपास दोनास एक, आणि पिवळ्या जोडीची वेतंही लहान. बीजं जुळतात, दोन्हीकडून पिवळेपण मिळालेला गर्भ मात्र गर्भाशयात रुजण्याच्या सुमारास मरतो. शुद्ध पिवळा मिळत नाही, हे क्युएनोंचं निरीक्षण मात्र बरोबर होतं.

पिवळेपणाचं कारण समजायला १९९० चं दशक उजाडलं. अगूटी हे जनुक एरवी केसाच्या वाढीत थोडाच वेळ चालू होतं आणि रानउंदराच्या काळ्या केसावर पिवळा पट्टा उमटवतं. या पिवळ्या उंदरांत मात्र गुणसूत्राचा एक तुकडा गळाल्यानं शेजारच्या जनुकाची कळ अगूटीला लागते, आणि ते अंगभर, सतत चालू राहतं. मेंदूतला भूक आवरणारा मार्गही ते अडवतं. म्हणूनच हे उंदीर लठ्ठ होतात, नरांच्या रक्तात साखर वाढते, माद्या लवकर वांझ होतात. सापांच्या खाद्यासाठी पैदास करणाऱ्याला पिवळ्याचं भरणारं वजन फायद्याचं वाटेल. त्यात बरीचशी चरबी असते.

तेव्हा पिवळ्याला पिवळा लावू नये, वेतातला चौथा हिस्सा फुकट जातो. पिवळ्याला काळा लावावा: निम्मी पिल्लं पिवळी, आणि गर्भ वाया जात नाही. उरलेली सगळी काळी असतील किंवा सगळी रानटी भुरी, ते पिवळ्याच्या दुसऱ्या अगूटी प्रतीवर ठरतं. मादी तरुण आणि सडपातळ असतानाच वेतं घ्यावीत.

पिवळ्याचा आणखी एक, निराळा प्रकार आहे. तो सुप्त जनुकाचा, त्यात गर्भ मरत नाही आणि पिवळ्या जोडीला सगळी पिवळीच होतात. कोणता हातात आहे ते कळायला शुद्ध काळ्याशी एक वेत पुरतं. काही पिल्लं पिवळी निघाली तर क्युएनोंचा. एकही नसेल तर बहुधा सुप्त प्रकार, पण वेत लहान असेल तर दुसरं घेऊन बघावं.